माळावरच्या चाकोऱ्या

माळावर गाडीला रस्ता लागत नाही, हे मीच छातीठोकपणे सांगितलं होतं. तिशी ओलांडली होती, दोन लेकरांची आई होते, तरी अक्कल एवढीच.

नव्वद साल उलटून गेलं होतं. धाकट्या दिरांनी बारामतीहून जुनी जीप आणली होती, आणि आमच्या शेळगावात माहेरपणाला आलेल्या नणंदांना मला हरणं दाखवायची होती.

“भावजी, घाला की गवतात! गवतच तर हाय, कुणाच्या बापाचं?”

“वैनी, काल पाऊस झालाय. रुतली तर तुमीच ढकलायची.”

“ढकलते! तुमी चालवा तर.”

पदर खोचून मागच्या दांड्याला धरून उभी राहिले, जणू काही राज्यच जिंकायला निघाले होते. हरणं पळाली, आम्ही मागं. माळाला सात-आठ फेऱ्या घातल्या. दिसली फक्त शेपटं.

दिवाळीनंतर पुन्हा त्या माळावरून गेले. चाकं गेली होती तिथं गवताचं पातं नव्हतं. वीतभरच माती ती. आम्ही मुळासकट उकरलेली, आणि परतीच्या पावसाचं पाणी त्याच चाकोऱ्यांतून धावून तिला घेऊन गेलेलं. खाली नुसता मुरूम. आमची वाट बघून दुसऱ्या गाड्याही घुसल्या होत्या. एक चाकोरी खचली की शेजारून दुसरी. एवढा मोठा माळ, आणि कुणीतरी नखांनी ओरबाडल्यासारखा. कुणीतरी कसलं, मीच.

तिथं एक म्हातारी धनगरीण मेंढ्या घेऊन उभी होती. तिचा लेक आणि सून कळप घेऊन कोकणाकडं गेले होते. ज्यांना एवढं चालवत नाही अशा गाभण मेंढ्या मागं म्हातारीजवळ ठेवायची त्यांची रीत. त्या मेंढ्यांसाठी हा तुकडा ती पावसाळाभर राखायची, एक जनावर आत शिरू द्यायची नाही. नेमका तोच तुकडा मी चाकाखाली घातला होता. मेंढ्या उघड्या मुरमाला तोंड लावून बघत होत्या.

तरी माझी जीभ चाललीच. म्हटलं, “मावशी, म्होरल्या पावसात उगवंल की.”

ती ओरडली नाही, शिव्याही दिल्या नाहीत. एका मेंढीच्या पोटावर हात ठेवून म्हणाली, “पावसाचं नगं सांगू, सूनबाई. ह्या पोटुशा हायत, कोकणापत्तर चालायच्या न्हायत. उद्याच्याला ह्यांच्या म्होरं काय टाकू, तेवढं सांग.”