एकोणऐंशी

बालाघाटच्या मुलींच्या मिडल स्कूलमध्ये दोन वर्षं मला कोणी माझ्या नावाने हाक मारली नाही. सगळ्या मला ‘उन्यासी’ म्हणत. ते नाव आमच्या वर्गाच्या बाईंनी, बहनजींनी, ठेवलं होतं. मी ते व्याजासकट परत केलं, आणि आजही मला त्याचं वाईट वाटत नाही.

पाचवीपर्यंत मी मराठी शाळेत होते. राज्यांची वाटणी झाली, नागपूर तिकडे मराठी मुलखाबरोबर गेलं, आम्ही इकडे हिंदी राज्यात राहिलो. सहावीपासून सगळं हिंदीत. हिंदी बोलायची अडचण नव्हती. बाजारात, नळावर, बस स्टँडवर आम्ही हिंदीच बोलायचो. अडचण आकड्यांची होती. पाढे मी घरी मराठीत पाठ केले होते, आणि डोक्यात मोजणी मराठीतच चालायची. हिंदीत एकोणऐंशीला उन्यासी म्हणतात. माझ्या कानाला ते नव्याऐंशी वाटायचं. आमच्याकडे एकोणनव्वदला सर्रास नव्याऐंशी म्हणत. त्यामुळे बहनजी ‘उन्यासी’ म्हणाल्या की माझा हात बिनदिक्कत ८९ लिहायचा.

बहनजी जबलपूरकडच्या. आमच्या वर्गाला जवळजवळ सगळे विषय त्याच शिकवत, आणि पुस्तकं बहुतेकींकडे नसल्यामुळे सगळं तोंडी सांगून लिहून घेत. म्हणून माझी चूक एका गणितापुरती राहिली नाही. इतिहासात एक राजा दहा वर्षं जास्त जगला. भूगोलात कुठल्याशा गावी दहा इंच पाऊस जास्त पडला. विणकामाच्या तासाला त्यांनी आपल्या भाच्यासाठी स्वेटर विणायला घेतला होता आणि त्याची पाठ माझ्याकडे दिली होती. ‘उन्यासी फंदे डालो.’ मी एकोणनव्वद टाके घातले. पाठ विणून झाली तेव्हा त्यात भाचा आणि त्याचा बाप दोघं मावले असते.

त्यांनी ती पाठ वर्गासमोर माझ्या अंगाला लावून पाहिली.

“कान में मैंगनीज भरा है क्या?” त्या म्हणाल्या. “उन्यासी और नवासी में फर्क नहीं सुनता?”

आमच्या गावात बोलायची ही एक रीतच होती. भरवेलीच्या मँगनीजच्या खाणीची काळी धूळ सगळ्यांच्याच नाकाकानात जायची. पण त्या दिवसापासून मी उन्यासी झाले. हजेरीला आधी माझं नाव, मग मान तिरकी करून ‘यानी उन्यासी’. मुली हसायच्या. मराठी मुली जास्त हसायच्या, कारण त्यांनाही तीच भीती होती.

मी घरी बाबांना सांगितलं. बाबा रेल्वेच्या मालधक्क्यावर डब्यांचे नंबर टिपून घ्यायचे.

“काहून रडून राह्यली? रयवारी माह्यासंग धक्क्यावर चाल,” ते म्हणाले. “नंबर आयकून आयकून गाढवालेही हिंदी येते.”

रविवारी मी जाऊन बसू लागले. एक माणूस डब्यांच्या रांगेने चालत मोठ्याने नंबर सांगायचा, बाबा लिहायचे, मी मनात लिहायचे. दिवाळीपर्यंत उनतीस, उनसठ, उनहत्तर, उन्यासी सगळे जागेवर बसले. मग माझं चुकणं बंद झालं. नाव मात्र बंद झालं नाही. बहनजींनी तपासूनही पाहिलं नाही. सहामाहीचे गणिताचे प्रश्न नेहमीसारखे तोंडी सांगताना माझ्या बाकाजवळ येऊन त्यांनी आवाज मुद्दाम खाली आणला. दोन आकडे मला ऐकूच आले नाहीत. विचारलं तर म्हणाल्या, “उन्यासी लिख दे, तेरा तो वही है.” मी नापास झाले.

इथे माझं खरं नुकसान होतं. सहावीला गणितात गेले तर शाळा संपली, हे बाबांनी आधीच सांगून ठेवलं होतं. तिरोडीकडे मामाच्या घरी मामीला चौथं मूल झालं होतं, आणि त्या घरात मूल सांभाळायला कोणीतरी हवंच होतं. आई लुगड्याची घडी घालता घालता म्हणाली होती, “मामीले हातभार होईन.” म्हणजे ठरल्यातच जमा होतं. आणि बहनजी सगळ्यांदेखत म्हणत होत्या, “इसको तो मैं रोकूँगी.” म्हणजे वरच्या वर्गात चढवणार नाही.

मी तेव्हाच ठरवलं की नुसतं पास व्हायचं नाही.

संधी थंडी संपता संपता आली. शाळा तपासायला इन्स्पेक्ट्रेस बाई यायच्या होत्या. बहनजींनी आठवडाभर तालीम घेतली. कोणता प्रश्न कोणी घ्यायचा ते ठरलं. मला सांगितलं, “तू उस दिन मत आना.”

मी केस घट्ट बांधून, धुतलेला गणवेश घालून, सगळ्यांच्या आधी जाऊन पहिल्या बाकावर बसले. बहनजी पाहुणीला घेऊनच वर्गात आल्या; त्यांनी डोळे वटारले, पण तिच्यासमोर मला हाकलता येईना.

इन्स्पेक्ट्रेस बाई उंच, पांढऱ्या साडीतल्या. हिंदी चांगली होती, पण ‘चाहिए’ म्हणताना मध्येच ‘पाहिजे’ निसटलं तेव्हा मी ओळखलं की ही आपली. त्यांनी विचारलं, घरी मराठी बोलणाऱ्या किती? अर्धा वर्ग उभा राहिला.

“इनको दिक्कत नहीं होती? गिनती में?”

“बिलकुल नहीं, मैडम,” बहनजी हसून म्हणाल्या. “मैं इन बच्चियों को मराठी में ही समझाती हूँ. मुझे पूरी मराठी आती है.”

अख्ख्या वर्षात बहनजींनी कधी मराठीचा एक शब्द उच्चारला नव्हता. आम्ही ‘हौ’ म्हटलं तरी त्या ‘जी हाँ बोलो’ म्हणायच्या. बाकीच्या मुली खाली बघू लागल्या. मी उभी राहिले.

“हौ मॅडम,” मी म्हटलं. “बहनजी आमाले आकडे मराठीतच शिकवतात. आमी सांगतो अन् त्या फळ्यावर लिवतात. लय मस्त लिवतात.”

बहनजींना यातलं कितपत कळलं देव जाणे, पण ‘मस्त’ कळलं असावं. त्यांनी मान डोलावली. इतक्या दिवसांत माझ्याकडे पाहून त्या पहिल्यांदाच हसल्या.

“अस्सं?” इन्स्पेक्ट्रेस बाई खूश झाल्या. त्यांनी खडू बहनजींच्या हातात दिला आणि मला म्हणाल्या, “सांग बरं मग. एखादा आकडा सांग.”

कोणता सांगायचा याचा मला विचार करावा लागला नाही. मी स्वच्छ, सावकाश, शाळेत कविता म्हणतात तसं म्हटलं, “एकोणऐंशी.”

बहनजी फळ्याकडे वळल्या. खडू जरा थांबला. मग त्यांनी ठसठशीत ८१ लिहिलं. ‘एकोणऐंशी’ त्यांच्या कानाला ‘इक्यासी’ वाटलं. त्यांना तसंच वाटावं, हेच मला हवं होतं. कधीतरी हा आकडा त्यांना ऐकवायचाच म्हणून मी तो घरी आईसमोर हिंदी माणसासारखा कान करून म्हणून पाहिला होता.

मराठी मुलींच्या रांगेत खसखस पिकली. मागून कोणीतरी हळूच म्हणालं, “कानात मँगनीज भरलं का वं?” आणि रांग फुटली.

इन्स्पेक्ट्रेस बाई हसल्या नाहीत. “एक्याऐंशी नाही, बाई,” त्या म्हणाल्या. “एकोणऐंशी. तुमच्या हिंदीत, उन्यासी.”

आता हिंदी मुलीही फुटल्या. सगळा वर्ग माझ्याकडे वळला. हसायला काय झालं, असं बाईंनी विचारलं.

“ते माह्यं नाव आहे, मॅडम,” मी म्हटलं. “बहनजींनी ठेवलं. मले उन्यासी नव्याऐंशी आयकू यायचं म्हणून.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग फळ्याकडे. “म्हणजे यांचं आज जे झालं तेच तुझं झालं होतं,” त्या म्हणाल्या. नंतर हेच त्यांनी बहनजींना हिंदीत ऐकवलं, पूर्ण वाक्यात, वर्गासमोर. माझी सहामाहीची उत्तरपत्रिका मागवली. जाताना शेरा लिहून गेल्या की परीक्षेत आकडे तोंडी सांगितले तर फळ्यावरही लिहावेत.

वार्षिक परीक्षेत बहनजींनी प्रत्येक आकडा फळ्यावर लिहिला. माझ्याकडे पाठ करून लिहिला, पण लिहिला. मी पास झाले. मामाकडे मुलं सांभाळायला माझी धाकटी चुलत बहीण गेली.

बहनजींचं नाव तोवर ‘इक्यासी’ पडलं होतं. त्या व्हरांड्यातून आल्या की आतून कोणीतरी बारीक आवाजात गिनती सुरू करायचं, अठहत्तर, उन्यासी, अस्सी, आणि थांबायचं. पुढचा आकडा कोणी म्हणत नसे. त्यांनी एकदा दारात उभं राहून विचारलं, “किसने बोला?” मी उभी राहिले आणि म्हटलं, “जी, गिनती याद कर रहे थे.” गिनती पाठ करण्याबद्दल शिक्षा कशी करणार?

वर्षभराने त्यांची बदली बैहरला झाली, स्वतः मागून घेतली म्हणे. बैहरच्या बसच्या कंडक्टरची मुलगी माझ्याच वर्गात होती, आणि तिची मावसबहीण तिथल्या शाळेत. त्या आठवड्यात मी माझी नवी रिबीन त्या कंडक्टरच्या मुलीला देऊन टाकली, बैहरला एक निरोप पोचवायच्या बोलीवर.

बहनजी तिथे पहिल्या दिवशी वर्गात शिरल्या तेव्हा शेवटच्या बाकावर मुली मोजत होत्या. अस्सीपर्यंत आल्या आणि थांबल्या.