धकातेभाऊंची तपासणी

धकातेभाऊ यंत्रापेक्षा माणसावर जास्त संशय घ्यायचे, आणि तो तोंडावर सांगायचे. धरमपेठेतल्या आमच्या छोट्या कंपनीत मी रुजू झालो, त्याच दिवशी त्यांनी माझा प्रोग्राम उभ्याउभ्या वाचला, एका आकड्याभोवती लाल पेन्सिलीने गोल काढला आणि विचारलं, "हा कुठून आला गा? तू ठरवला, का मशीन चालता चालता ठरवन?" पुढची चार वर्षं त्या पेन्सिलीचा मला धाक होता.

ऐंशीचं दशक निम्मं सरलं होतं. सूत रंगवणाऱ्या कारखान्यांतल्या वाफेच्या टाक्यांवर नजर ठेवणारी यंत्रं आम्ही बनवायचो. आमचे प्रोग्राम यंत्राला कळतील असे करून देणारा कंपायलर धकातेभाऊंनी एकट्याने लिहिला होता. त्यात त्यांचा एक हट्ट होता. किती दाबाला झडप उघडायची, ती मर्यादा प्रोग्राममध्ये थेट आकड्यातच लिहिलेली हवी. तिथे यंत्र चालताना बदलणारं काही दिलं, की कंपायलर अख्खा प्रोग्राम परत पाठवायचा. घरचे उमरेडचे विणकर, स्वतःही मागावर बसलेले. म्हणायचे, "ताणा आधी लावा लागते. माग सुरू झाल्यावर मोजत बसशीन, तं लुगडं नाई होत, चिंधी होते."

मला त्यांचा राग यायचा. एका कारखान्याची तक्रार होती, की झडप उगाच उघडते आणि वाफ वाया जाते. मी डोकं चालवलं. मर्यादा यंत्रानेच चालू दाबाच्या सरासरीवरून ठरवावी. कंपायलरने नकार दिला. ती तपासणी काढून टाका, असं मी भाऊंना म्हणालो.

"काढत नाई. तू हुशार हायेस, म्हणूनच काढत नाई."

मग त्यांचे वडील गेले आणि ते पंधरा दिवस उमरेडला राहिले. इकडे कंपनीच्या साहेबांची घाई. मी कंपायलर उघडून त्या तपासणीच्या ओळी बंद केल्या. प्रोग्राम पहिल्याच दमात पास झाला. तेव्हा मला किती आनंद झाला होता, हे आठवलं की आजही स्वतःची किळस येते.

तीन आठवड्यांनी त्या कारखान्यात दाब हळूहळू चढत गेला आणि त्याच्यासोबत माझी मर्यादाही. झडप उघडलीच नाही. टाकी फुटली. तिथे कामावर असलेले मेश्राम भाजले आणि तिसऱ्या दिवशी दवाखान्यात वारले.

कंपनीतल्या चौकशीत साहेबांनी विचारलं, "तुमच्या कंपायलरनं हे पास कसं केलं?" धकातेभाऊंनी बंद केलेल्या ओळी पाहिल्या. मग माझ्याकडे पाहिलं. मी टेबलाकडे बघत बसलो.

"तपासणी बंद करता येत होती," ते म्हणाले. "थे माहं चुकलं."

नोकरी त्यांची गेली.

महिन्याभराने मी सक्करदऱ्याला त्यांच्या घरी गेलो, रडलो, सगळं कबूल केलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"मले काहून सांगून राहिला गा? मले तं माहीत हाय. त्या मेश्रामच्या बायकोले सांग. तिचा नवरा कामावर झोपला होता, असं कारखानेवाले सांगून राहिले तिले."

पत्ताही त्यांनीच लिहून दिला. उमरेडच्याच रस्त्यावरचं एक गाव होतं.

दुसऱ्या वर्षी धकातेभाऊ काविळीने गेले. तेरवी उमरेडला होती. जाताना बस त्या गावात थांबली. दोन माणसं उतरली. येतानाही थांबली. मी उतरलो नाही.