मेजरच राहिलेला पिल्जू

पिल्जू घरी आला तेव्हा ओकबून कोबीला मीठ चोळत बसली होती. दुपारची वेळ. त्यानं बूट काढले आणि दारात तसेच टाकले. एरवी फौजेतल्यासारखे जोडीनं लावायचा. तिथंच तिला कळलं, काहीतरी बिनसलंय.

"जेवलास का रे?"

"जेवलो. बॅचचं जेवण होतं ना."

"मग तोंड का असं?"

पायरीवर बसला. म्हातारपणी बहिणीकडंच राहायचा. बायको आधीच गेलेली, मूलबाळ नाही.

"ताई, माझं नाव सोंगतेकनंच खाली टाकलं होतं."

कुठल्या यादीत, हे तिनं विचारलं नाही. घरात बोलणं निघायचं ते बढतीच्या त्या एकाच यादीचं.

मो सोंगतेक आणि पिल्जू मिलिटरी कॉलेजात एका खोलीत राहिले. तिथून बाहेर पडलं की सगळे सारखेच निघतात, मेजरपर्यंत बहुतेक जण पोचतात. पुढं दार अरुंद होतं. वर चढला नाही, तर ठरलेल्या वयाला गणवेश उतरवायचा नि घरी जायचं. त्यांच्या बॅचचे काही जनरल झाले, काही तोफा बनवणाऱ्या कंपनीत शिरले, एकानं तळलेल्या कोंबडीचं दुकान टाकलं. यादी निघायच्या वेळी हे दोघं एकाच डिव्हिजनमध्ये मेजर होते आणि बढतीच्या यादीत पिल्जूचं नाव वर होतं. सोंगतेकची ती शेवटची संधी. तो वोंजू शहरात ओकबूनच्या घरी आला, जेवला, आणि पाटावर बसून रडला.

"या वर्षी मला जाऊ दे, पिल्जू. पुढच्या वर्षी तुझं नाव मी वर लावतो."

पिल्जू दुसऱ्या दिवशी स्वतः साहेबाकडं गेला आणि मित्राला आधी घ्या म्हणाला.

ओकबून म्हणाली होती, "निदान शपथ तरी घ्यायला लाव त्याला."

तो चिडला. "ताई, आमच्या कॉलेजात खोटं बोललं की पोराला घरी पाठवतात. खोलीतल्या माणसाला शपथ घालू? लाज नाही वाटणार?"

पुढच्या वर्षी यादी सोंगतेकच्याच टेबलावर होती. पिल्जूचं नाव लागलं नाही. "लई भांडलो रे, वरच्यांनी ऐकलं नाही," असं सोंगतेक फोनवर म्हणाला. पिल्जूनं ते खरं मानलं. वय झालं, गणवेश उतरला, आणि पिल्जू वस्तीतल्या राखीव शिपायांचा साहेब झाला. म्हणजे न्हावी, टॅक्सीवाले, टोफूवाले. वर्षातून कधीतरी बोलवायचं, हजेरी घ्यायची, ते झाडाखाली झोपा काढणार. सोंगतेकच्या खांद्यावर तारे चढत गेले. टीव्हीवर दिसला की पिल्जू म्हणायचा, "माझ्या खोलीतला आहे." पण खरं काय झालं होतं, हे त्याला एकदाही विचारलं नाही. विचारणं म्हणजे संशय घेणं.

"सांगितलं कोणी तुला?" ओकबूननं विचारलं.

"आमच्या बॅचमधल्या चू नावाच्या एकानं. प्यायला होता. हसत म्हणाला, अरे येड्या, यादी यानंच केली, साहेबाचा माणूस वर, तू खाली. मला वाटलं तुला माहीत असेल, म्हणे."

"आणि सोंगतेक?"

"समोरच बसला होता."

"काय बोलला?"

"माझा पेला भरला."

एवढं बोलून तो आत जाऊन आडवा झाला. संध्याकाळी ती जेवायला हाक मारायला गेली, तर उठलाच नाही. डॉक्टर हृदय म्हणाले. डॉक्टरांना ते म्हणावंच लागतं.

मयताला सोंगतेक आला. फोटोपुढं वाकला, मग मयताला आलेल्यांना वाढतात त्या रस्सा-भाताला बसला आणि आजूबाजूच्यांना सांगायला लागला, "पिल्जूला पदाची हाव नव्हती. स्वतःहून बाजूला झाला माणूस."

ओकबून वाट्या ठेवत होती. जनरलला तिनं नावानं हाक मारली.

"सोंगतेक, स्वतःहून?"

"ताई..."

"माझ्या पाटावर कोण रडलं होतं?"

त्यानं चमचा खाली ठेवला. मग हळूच म्हणाला, "मलाही वरून हुकूम होता, ताई. माझा नाइलाज होता."

"मग तेवढंच त्याला सांगायचंस. त्यानं उलट तुलाच धीर दिला असता."

 शेजारच्यानं त्याच्या वाटीत रस्सा वाढला, तो त्यानं खाल्ला नाही.

शवपेटी निघायच्या सकाळी बॅचचेच लोक उचलायला उभे राहिले, पांढरे हातमोजे घालून. सोंगतेक सगळ्यात पुढं. हुद्दा मोठा म्हणून ती जागा त्यानंच घेतली होती, कोणी दिली नव्हती. ओकबून त्याच्यासमोर गेली आणि हात पुढं केला. आधी त्याला वाटलं, हात धरायचाय. मग कळलं. त्यानं हातमोजे काढून तिच्या हातावर ठेवले.

मागं वस्तीतला टोफूवाला बांग उभा होता, पिल्जूच्या हजेरीतला. तिनं हातमोजे त्याला दिले.

"मी, काकू? हे सगळे कर्नल आहेत."

"धर."

बांग बुटका. त्यानं कडी धरली तशी पेटी एका बाजूला कलली. मग बाकीच्यांनी गुडघ्यात थोडं वाकून आपापली बाजू खाली घेतली, आणि सगळे तसेच चालायला लागले.