निवळीवर चालणारी गाडी

आमच्या दाजींना आजवर फक्त एका वस्तूनं फसवलं आहे, आणि ती म्हणजे त्यांची स्वतःची गाडी. हे मी कौतुकानं म्हणतोय असा कुणाचा समज होऊ नये. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, आक्काचे यजमान. मेहुण्यानं दाजींचं कौतुक करायचं नसतं, टिंगल करायची असते, हा आमच्याकडचा रिवाज आहे आणि तो मी चाळीस वर्षं इमानानं पाळत आलो आहे. पण लिंबागणेशजवळच्या त्यांच्या गावात दाजी दूध सोसायटीचे सेक्रेटरी होते, आणि दुधाच्या बाबतीत त्यांची जीभ ही सरकारी मोजमापाच्या वरची गोष्ट होती. दुधात पाणी आहे की नाही हे कुणीही सांगेल. पाणी कुठलं आहे, हे दाजी सांगत. तळहातावर दोन थेंब घ्यायचे, चाटायचे, डोळे मिटायचे, आणि रांगेतल्या माणसाचा जीव टांगणीला लागला की सावकाश निकाल द्यायचा. एकदा सोजराबाई नावाची म्हातारी पोराबाळांच्या शपथा घ्यायला लागली. तिची दोन्ही पोरं तेव्हा ऊसतोडीला गेलेली होती, ती बिचारी तिकडं उचक्या देत असतील. दाजी म्हणाले, "सोजराबाई, शपथ नगा घेऊ. पाणी मारुतीच्या आडाचं हाय, आन् तुमच्या घागरीला चिंच लावून लई दिवस झालेत." सोजराबाई घरी गेली आणि आधी घागर घासली म्हणतात.

ही जीभ घरीदारी, लग्नकार्यात, कुठंही गप्प बसत नसे. माझ्या लग्नात पहिल्याच पंगतीत त्यांनी बासुंदीचा घोट घेतला आणि आचाऱ्याला मोठ्यानं हाक मारून विचारलं, "म्हशीचं म्हणून गाईचं घातलंय, कावून?" आमचे सासरे त्यानंतर दाजी दिसले की रस्ता बदलत. ऐकीव गोष्टीवर त्यांचा विश्वास नव्हता. औषधाची बाटलीसुद्धा ते आधी चाखत आणि मग तिच्यावरचा कागद वाचत.

अशा माणसानं गाडी घेतली ती साखर कारखान्याच्या लिलावात. गोल बोनेटची, पांढरी, एके काळी कारखान्याच्या साहेब लोकांना घेऊन हिंडलेली. पांढरा रंग आता जुन्या चादरीसारखा झाला होता. दरवाजा आतून उघडत नसे, म्हणून काच खाली करून हात बाहेर काढायचा आणि बाहेरून उघडायचा. लिलावात मीही बरोबर होतो. मी इंजिनाकडं बघत होतो, दाजी देवाच्या पायावर हात ठेवावा तसा गाडीच्या चाकावर हात ठेवून उभे होते. ते म्हणाले, "मास्तर, सहकाराची गाडी हाय, सहकारातच राहील." मी घाटनांदूरच्या शाळेत मास्तर आहे, आणि त्या क्षणी मला जे वाटलं ते मी मास्तर असल्यामुळं बोलून दाखवलं नाही.

मग तो दुष्काळ आला. आड, विहिरी, बोअर, सगळं एकेक करून आटलं. गावाला एक दिवसाआड टँकर यायचा आणि गुरं छावणीत बांधलेली होती. दूध इतकं कमी झालं की दूध संघाचा टेम्पो एवढ्याशा दुधासाठी यायचा बंद झाला. संघाचा निरोप आला, की दूध तुम्हीच शीतकरण केंद्रावर आणून घाला, आणि लागोपाठ तीन दिवस आलं नाही तर गावचं संकलन केंद्र बंद. हे केंद्र बंद होणं म्हणजे काय, ते गावात ज्याला त्याला ठाऊक होतं. हातात येणारा तेवढाच एक पैसा होता, तो थांबला की लोक आधी म्हशी बाजारात नेणार, आणि दुष्काळात बाजारात गेलेली म्हैस कसायाशिवाय कुणाच्या दावणीला जात नाही. दाजींनी त्याच दिवशी गाडीचं मागचं सीट काढून ओसरीवर टाकलं, त्या जागी तीन कॅन बसवले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता दूध शीतकरण केंद्रावर हजर केलं. तेव्हापासून त्यांच्याकडं गेलेला पाहुणा त्या सीटवर बसतो. मी तर त्यावर झोपलोही आहे.

गाडीला रोज तांब्या दोन तांबे पाणी लागे. इथं दाजींच्या तत्त्वाचा प्रश्न आला. टँकरचं पाणी माणसांसाठी, ते गाडीत घालायचं नाही. उन्हाळ्यात एखादा कॅन नासून परत यायचा, त्याचा आक्का चक्का टांगायची, आणि फडक्यातून पिवळसर निवळी ठिबकून पातेलं भरायचं. दाजींनी ते पातेलं उचललं आणि रेडिएटरमध्ये ओतलं. आक्कानं कपाळाला हात लावला तेव्हा म्हणाले, "ही बी पाणीच हाय की. आंबट हाय, इंजिन आतून भांड्यासारखं उजळंल." आणि खरोखरच उजळलं. वीस वर्षं बोअरचं जड पाणी पिऊन इंजिनात जो पांढरा खर साठला होता, तो निवळीनं दीड महिन्यात साफ केला. फक्त गंजून चाळण झालेली जागा त्या खरानंच बुजवून ठेवली होती, हे दाजींना कुणी सांगितलं नव्हतं.

सोमवारी मांजरसुंब्याकडच्या चढावर गाडीनं वाफ सोडली. गाडी थंड होईपर्यंत उन्हात दूध नासलं. मंगळवारी पुन्हा तेच. मी उन्हाळ्याच्या सुट्टीत मंगळवारी दहाच्या सुमारास पोचलो, तर दाजी अंगणात गाडीसमोर उकिडवे बसलेले आणि छावणीतून आलेली सोजराबाई पायरीवर. तिनं मला पाणीसुद्धा पिऊ दिलं नाही. "मास्तर, तुमच्या दाजीला इचारा, उद्या दूध जातंय का न्हाई. न्हाई तर मी म्हैस सोडते बाजाराला. चार शितोडं पाण्याचं घातलं असंल म्या, पर म्हैस माझी गुणाची हाय." दाजी गाडीवरची नजर न काढता म्हणाले, "उद्या जाणार."

लिंबागणेशहून मिस्त्री आणला. त्यानं रेडिएटर काढला, तोंडं बुजवली, गुरांच्या आटत आलेल्या हौदाच्या तळाला उरलेल्या गढूळ पाण्यात बुडवला आणि सायकलच्या पंपानं हवा भरली. एक बुडबुडा आला नाही. रबरी पाइप तपासले, पट्ट्या आवळल्या. इंजिन चालू केलं तर खाली एक थेंब पडेना, आणि आतली निवळी मात्र बोटबोट उतरत होती. मिस्त्री म्हणाला, पाणी इंजिनात आत जात असेल, बीडला नेऊन इंजिन उतरवावं लागेल, चार दिवस. दाजींनी त्याला चहा पाजला आणि वाटेला लावलं. मी म्हटलं, दाजी, तो जाणकार माणूस आहे. ते म्हणाले, "जाणकार हाय, पर त्याला बुधवार म्हाईत न्हाई."

मग दाजींनी आपल्या पद्धतीनं चौकशी सुरू केली. दुधात पाणी कोण घालतं हे शोधायची त्यांची रीत अशी, की संशय एकाचा असला तरी नमुना घराघरातून घ्यायचा. तसा त्यांनी गाडीचा एकेक भाग घेतला. इंजिनात पाणी जात असेल तर ऑइल दुधाळ होतं, हे मिस्त्री बोलून गेला होता. दुधाळ म्हटल्यावर तो प्रांत दाजींचा झाला. त्यांनी ऑइलची पट्टी ओढून काढली, बघितली, आणि मी अहो अहो म्हणेपर्यंत जिभेला लावली. डोळे मिटले. मी आणि आक्का रांगेतल्या माणसांसारखे उभे. "ह्यात पाणी न्हाई," ते म्हणाले, आणि थुंकून आले. मी हसलो. आक्का हसली नाही. ती म्हणाली, "दोन दिस झालं, जेवले न्हाईत ते," आणि आत गेली. मग मलाही हसवेना. दुपारभर दाजी गाडीखाली पडून होते, पाठ सोलली होती, आणि दर थोड्या वेळानं आतून एकच वाक्य यायचं, "हितं न्हाई."

चारच्या पुढं गाडी निवली आणि दाजी पहिल्यांदाच ओसरीवरच्या त्या सीटवर येऊन बसले. तेवढ्यात आक्का केरसुणी घेऊन स्वयंपाकघरातून बाहेर आली. चक्क्याच्या पातेल्याला लागलेल्या मुंग्यांची रांग झाडत झाडत ती अंगणात उतरली आणि थांबली. "अवो," ती म्हणाली, "ह्या मुंग्या गाडीत कावून चालल्यात?"

मुंग्या पुढच्या चाकावरून चढून इंजिनाच्या मागं जात होत्या. दाजी उठले, धावले नाहीत, एकेक पाऊल टाकत गेले. तिथं हात जाई, डोळा जात नव्हता. आक्कानं आपला कुंकवाचा आरसा आणून दिला. धूर जाण्याच्या नळाच्या पाठीशी, इंजिनाच्या अंगाला, आतलं पाणी अडवायला, पापडाच्या लाटीएवढी एक पत्र्याची गोल टिकली बसवलेली असते. तिच्या कडेनं निवळी झिरपून तापल्या लोखंडावर आटत होती, म्हणून खाली थेंब पडत नव्हता. आटलेल्या निवळीची पांढरी पिवळी खपली तिथं धरली होती आणि तिच्यावर मुंग्यांची जत्रा भरली होती. दाजींनी आरसा मला दाखवला. "घातली म्या, शोधली मुंग्यांनी," एवढंच म्हणाले.

टिकलीला स्क्रू-ड्रायव्हर लावला तर तो आरपार गेला, इतकी ती गंजली होती. आता त्या भोकाला झाकण हवं होतं आणि बीडची शेवटची एसटी निघून गेली होती. दाजींनी सुतळीनं भोक मोजलं आणि ती सुतळी घेऊन गावात बाटल्यांची बुचं, डब्यांची झाकणं, निरांजनं, सगळं मोजून आले. काहीच बसेना. मग ते घरात गेले आणि देवाच्या फोटोखालच्या खिळ्यावरची नमुन्याची पळी काढून आणली.

ही पळी म्हणजे काय ते सांगायला हवं. सोसायटी निघाली तेव्हा गावातल्या जुन्या लोकांनी बीडच्या तांबटाकडून ती पितळेची घडवून घेतली होती. लांब दांडा आणि खाली छोटा सरळ काठाचा पेला. गावातल्या प्रत्येक घरचं दूध वीस वर्षं त्या पेल्यानं दाजींच्या तळहातावर आलं होतं. तिला आक्कानंही कधी हात लावलेला नव्हता. दाजींनी सुतळी पेल्याला लावली. पेला केसभर मोठा भरला. मी म्हटलं, "दाजी, मी कापतो." ते म्हणाले, "नगा, मीच." त्यांनी करवतीनं दांडा कापला, कानशीनं काठ घासला, लाख वितळवून लावली. आक्कानं आपण होऊन ताकाची रवी आणून दिली. तिच्या दांड्याचा टेकू देऊन, हात खांद्यापर्यंत इंजिनात घालून, आरशात बघत दाजी तो पेला ठोकत राहिले. कोपरापासून मनगटापर्यंत कातडं निघालं. आधी खणखण आवाज येत होता, तो हळूहळू बद्द होत गेला, आणि एका ठोक्याला ते थांबले. "बसला," म्हणाले.

आता आत काय घालायचं? हौदातलं गढूळ पाणी इंजिनात चालणार नव्हतं. निवळीचं पातेलं आक्कानं आधीच उकिरड्यावर ओतलं होतं. तेवढ्यात सोजराबाई आली. तिच्या डोक्यावर टँकरच्या पाण्याची कळशी होती, तिच्या वाट्याची. दाजी नको म्हणाले. तत्त्व सांगायला लागले. म्हातारीनं कळशी बोनेटवर ठेवली. "सेक्रेटरी, तुमच्या गाडीत माझी म्हैस हाय," ती म्हणाली. दाजींनी कळशी दोन्ही हातांनी उचलली. त्यांनी कुणाचं पाणी न चाखता घेतलेलं मी तेवढंच पाहिलं.

बुधवारी सकाळी कॅन धरून मी मागं बसलो होतो. चढ लागला तसे दाजी स्टिअरिंगवर पुढं झुकले. चढ संपल्यावर गाडी बाजूला घेतली, काच खाली करून बाहेरून दार उघडलं, इंजिनामागं बोट फिरवलं आणि जिभेला लावलं. "कोरडं," म्हणाले. सात वाजता दूध केंद्रावर उतरलं.

पुढं पाऊस झाला, टेम्पो पुन्हा सुरू झाला, सोसायटी अजून चालू आहे. सोजराबाईची म्हैस तिच्याच दावणीला म्हातारी होऊन मेली. पळीचा नुसता दांडा अजून देवाच्या फोटोखाली खिळ्यावर आहे. गाडी लिंबाखाली उभी असते, दाजी आता ती चालवत नाहीत. मी गेलो की मला तिच्यात तांब्याभर पाणी घालून खाली वाकून बघावं लागतं आणि "एक थेंब न्हाई, दाजी" असं सांगावं लागतं. मग ते चहा मागवतात.

या दिवाळीला गेलो तेव्हा चहा नव्हता. दाजींचं पोट आता नाजूक झालंय आणि डॉक्टरांनी दुधात निम्मं पाणी घालून द्यायला सांगितलंय. हे त्यांना कोण सांगणार, म्हणून आक्का स्वयंपाकघरात पाठमोरी होऊन पाणी घालते आणि काही झालंच नाही अशा चेहऱ्यानं पेला आणून देते. दूध सोसायटीतलंच असतं. दाजींनी माझ्यासमोर पेला तोंडाला लावला, डोळे मिटले, आणि मी आक्काकडं बघितलं. त्यांनी एका दमात सगळं दूध संपवलं. आक्का समाधानानं आत गेली.

दाजी माझ्याकडं झुकले. "देवळामागच्या हातपंपाचं हाय," ते हळूच म्हणाले. "तुमच्या बहिणीला बोलू नगा. लई जपून घालती." मग मिशीवरचं दूध पुसलं आणि रिकामा पेला आत नेऊन द्यायला माझ्या हातात दिला.