मायच्या दुधातून आलेलं

समुद्रपूरच्या बसस्टँडवर माय मला निरोप द्यायला आली, तेव्हा तिला एसटीच्या पायऱ्या चढता येत नव्हत्या. खिडकीतून माझा हात धरता यावा म्हणून ती वॉकर घेऊन खाली उन्हात उभी राहिली. कितीतरी वर्षं तिचे पाय अकडत चालले होते. गावात सगळे वात म्हणायचे. शेवटी नागपूरच्या एका डॉक्टरांनी रक्त तपासून सांगितलं, हा विषाणूमुळे होणारा मज्जारज्जूचा आजार आहे. आपल्याकडे क्वचित सापडतो, जपानच्या दक्षिणेत मात्र डॉक्टरांच्या चांगला ओळखीचा. मी सेवाग्रामला शिकून लॅबमध्ये कामाला लागले होते. या आजारावर संशोधनासाठी जपानला अर्ज केला आणि निवड झाली.

"माहे पाय कायनं अकडले, थे शिकून येजो," माय म्हणाली.

शिकले ते असं. हा विषाणू रक्तातल्या पांढऱ्या पेशींत लपून राहतो. त्याच्याशी लढायला पेशी एकमेकींना रसायनांतून हाका मारतात. त्या रसायनांना सायटोकाइन म्हणतात. या आजारात हाका थांबतच नाहीत. पेशींची गर्दी मज्जारज्जूत शिरते आणि आपल्याच नसांची नासधूस करते. रुग्णांच्या पाठीच्या कण्यातून काढलेल्या पाण्यात मी दिवसभर ही रसायनं मोजायचे. स्टेरॉइड दिल्यावर एखाद्या आजीबाईंचा आकडा खाली आला, की सेन्सेई, म्हणजे आमचे सर, कागद माझ्यासमोर धरून नुसतं हसायचे. त्यांनीच मायच्या डॉक्टरांशी बोलून औषध ठरवलं. पाय पहिल्यासारखे झाले नाहीत, पण अकडणं कमी झालं. आता ती काठी टेकत एकटी अंगणात येते.

तुमच्यापैकी जे गाव सोडून गेले, त्यांना ठाऊक असेल, वाईट बातमी फोनवर सांगणं किती अवघड असतं. लग्नानंतर मला दिवस राहिले, तेव्हा तिथल्या नेहमीच्या तपासणीत तोच विषाणू माझ्याही रक्तात निघाला. दोन दिवस मी फोन टाळला. मग मायला सांगितलं.

हा विषाणू आईच्या दुधातून बाळात जातो, हे तिनं डॉक्टरांकडून ऐकलं होतं. ती म्हणाली, "माह्याच दुधातून आलं ना तुह्यात?"

खोटं बोलणं जमलं नाही. "हो माय. पण तुले तवा कुठं माहीत होतं? कोणालेच माहीत नव्हतं."

मी तिला समजावलं, की विषाणू असलेल्या बहुतेकांना कधीच काही होत नाही. मी बाळाला अंगावर पाजणार नाही, म्हणजे त्याला लागण व्हायची भीती पुष्कळ कमी होईल. हे सांगताना मलाच रडू आलं. माय मात्र सावरली होती.

"बाटलीनं पाज," ती म्हणाली. "पण मांडीवर घेऊन पाज, बाई."

तशीच पाजली. परवा मुलगी तीन वर्षांची झाली आणि तिचं रक्त तपासलं. विषाणू नाही. मायला व्हिडिओ कॉल लावला, तर ती ऐकून घेईना, नातीलाच समोर बसव म्हणाली. मुलीनं मिसो सूपचा वाडगा खाली ठेवला आणि आजीला म्हणाली, "मले अजून पाह्यजे."

ही वऱ्हाडी तिला इथल्या जपानी बालवाडीत कुणी शिकवली नाही. घर कुठंय म्हणून आता कुणी विचारलं, की मला हेच आठवतं. मायकडून माझ्यात आलेलं सगळंच काही मला थांबवायचं नव्हतं.