मामांना ऐकू आलं!

मंडळी, आज हसून हसून पोट दुखलं.

माझे चिचगडचे मामा फौजेत तोफेवर होते. तिथं कान गेले, आणि ऐकू येत नाही म्हणून नंतर वॉचमनची नोकरीही गेली. तरी मदतीचं नाव काढलं की म्हणायचे, "मी भिकारी नोहो."

शेवटी मामीच ओरडली, "सरकारच्या तोफेनं कान नेले, सरकारच देऊन राहिलं. लाज कायची?"

आज गोंदियाला माजी सैनिकांच्या शिबिरात मामांना कानाचं मशीन मिळालं. मामा घरी पोचताच मामी सवयीनं पुटपुटली, "आला म्हातारा, आता चहा मांगन."

"मांगन नाही, मांगून राहिलो!" मामा गरजले.

मामी चाट पडली. मग पदरानं डोळे पुसत मला म्हणाली, "भाच्या, आता मनातलं कुठं बोलू?"

तुमच्या घरच्या फौजीला मदत घ्यायला कोण राजी करतं?