अलगदसर

त्यांचं खरं नाव पालकांनाही ठाऊक नव्हतं. फुटबॉलच्या मैदानावर एकच शब्द ओरडायचे, म्हणून मुलांनी त्यांना अलगदसर करून टाकलं. "अलगद! चेंडू आहे तो, चोर नाही. धावून जाऊ नका अंगावर. पाऊल जरा मागे घ्या, सैल सोडा. पायाशी निजला पाहिजे!" आठ महिने मुलं एवढंच शिकत होती, आलेला पास घ्यायचा कसा.

घरी याच सरांच्या हातात बशी टिकत नसे. "मुलांना काय शिकवता देव जाणे," तुकडे गोळा करताना बायको म्हणायची.

पालकांचं दुखणं वेगळंच होतं. पास घेतल्याचा व्हिडिओ पाठवला की नातेवाईक विचारायचे, "मग पुढे?" पुढे काहीच नसायचं. शेवटी क्लबचे सेक्रेटरी, फर्निचरचे दुकानदार, सरांच्या घरी आले. खुर्ची डुगडुगते का ते आधी बघून मग बसले.

"सर, सोफा विकताना मी गिऱ्हाइकाला आतली स्प्रिंग दाखवत नाही. रविवारच्या सामन्यात गोल दिसला पाहिजे. नाहीतर दुसरा कोच बघून ठेवलाय."

"अहो, मारायला सांगा की एक," ते गेल्यावर बायको म्हणाली. "तुमचं काय जातंय?"

सरांनी ऐकलं. शनिवारभर मुलांकडून नुसते फटके मारून घेतले.

रविवारी शेवटच्या मिनिटापर्यंत शून्य-शून्य. मग एक उंच पास नेमका सेक्रेटरींच्या मुलीकडे आला. समोरचा गोलकीपर पुढे धावताना घसरून पालथा पडलेला, गोल सताड उघडा. सगळे मोबाइल वर झाले. आई, बाप, आत्या, मामा एका सुरात ओरडले, "मार!"

मुलीने पाऊल जरा मागे घेतलं. चेंडू तिच्या पायावर उतरला आणि निजला. मग तिने मान वळवून सरांकडे पाहिलं.

"मार" अगदी ओठावर आलं होतं. शेजारी बसलेल्या बायकोने कोपराने ढोसलंसुद्धा.

"शाब्बास!" सर ओरडले आणि टाळ्या पिटू लागले.

तेवढ्यात गोलकीपर उठला, गुडघे झटकले आणि चेंडू उचलून घेऊन गेला. सामना संपला.

सेक्रेटरी तरातरा आले. "सर, उद्यापासून..."

सरांचं लक्षच नव्हतं. "कुठला पाय गं?" त्यांनी मुलीला विचारलं.

"डावा!"

"डावा!" सर बायकोकडे वळले. "अगं, गेल्या महिन्यापर्यंत हिच्या डाव्या पायावरून चेंडू कुंपणापार जायचा!"

"ऐकलं मी," बायको म्हणाली. तिने सेक्रेटरींच्या तोंडाकडे एकदा पाहिलं. "ती क्लबची शिट्टी काढा आता गळ्यातली."